दिंडोशीचा बेपत्ता गजर

माझं नाव चंद्रप्रकाश धुरी. दिंडोशीच्या आमच्या वसाहतीत मला सगळे गुप्तहेर म्हणून ओळखतात. गुप्तहेराला सगळे ओळखतात यातच काहीतरी चुकतंय, असं माझी बायको सुनंदा म्हणते. पण तिला या धंद्यातलं फारसं कळत नाही. माझी नजर घारीची, कान सशाचे आणि नाक... नाकाचं जाऊ द्या, मला सायनस आहे. पोटासाठी मी प्रेशर कुकरच्या एका कंपनीत तक्रार विभागात बसतो. कुकरची शिट्टी का होत नाही, हे तो न बघता नुसत्या फोनवरून ओळखायचं असतं. माझी तर्कशक्ती तिथेच तयार झाली. बी विंगच्या दुधाच्या पिशव्या, लिफ्टमधला आरसा, सत्यनारायणाच्या पूजेतली पितळी घंटा, अशी बडी बडी प्रकरणं मी आजवर हाताळली आहेत. त्यातलं एकही सुटलं नाही, पण हाताळणी अतिशय स्वच्छ होती.

तर त्या दिवशी मी कामावरून येऊन पायातले बूट काढत होतो, तेवढ्यात वरच्या मजल्यावरून सीतारामबुवांची हाक आली. सीताराम घाडी म्हणजे आमच्या भजनी मंडळाचे बुवा. मी त्यांच्या मंडळात झांज वाजवतो.

"चंदू, बेगीन वर ये," बुवा जिन्यातूनच ओरडले. "माका कोणीतरी लुटल्यान!"

मी एक बूट पायात आणि एक हातात घेऊन वर गेलो. घरात सगळं जागच्या जागी होतं. बुवा चटईवर बसले होते आणि समोर चौरंगावर त्यांच्या कॉम्प्युटरचा पडदा निळा पडला होता.

"माझो गजर गेलो," बुवा म्हणाले.

ज्यांना आमचं कोकणी भजन ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्यात डबलबारी असते. समोरासमोर दोन स्टेजं, दोन बुवा, दोन मंडळं. एकाने गायचं, दुसऱ्याने त्याला गाण्यातूनच चिमटे काढायचे. भजन चढत चढत जातं आणि शेवटी येतो गजर. तो लागला की म्हातारी माणसंसुद्धा खुर्ची सोडून उभी राहतात. ज्याच्या गजराला लोक उठले, तो जिंकला. येत्या रविवारी घाटकोपरला आमच्या बुवांची बारी होती मुलुंडच्या विद्याधरबुवांशी. गेल्या वेळी या विद्याधरबुवांनी माईकवरून सांगितलं होतं की, 'सीतारामबुवांच्या पोतडीत आता सगळं जुनंच सामान आहे.' लोक हसले होते. आमचे बुवाही हसले होते, पण घरी येऊन जेवले नव्हते.

त्यानंतर बुवांनी नवा गजर बांधला. त्यांना लिहून ठेवायची सवय नाही. चाल आली की ती गाऊन ठेवायची. मोबाईलवर गायला लागलं की मध्येच गावाहून कोणाचा तरी फोन येतो, म्हणून ते कॉम्प्युटरवर गायचे. बोरिवलीला दिलेल्या त्यांच्या लेकीने, रुचिकाने, तो आपला जुना कॉम्प्युटर त्यांना देऊन टाकला होता, छोटासा माईक लावून.

"कालपर्यंत वाजत होतो," बुवा म्हणाले. "आता मधीच अडकता. नवो गजर नसलो तर मी त्या स्टेजार बसूचंय नाय. पेटी कायमची बंद करतलंय. ह्या तू लिहून ठेव."

बुवा थट्टेत असं बोलत नाहीत. पन्नाशी ओलांडलेला माझ्यासारखा माणूस त्यांच्या मागे झांज वाजवतो, कारण लहानपणापासून त्यांचा आवाज कानात आहे. साध्या माणसाने कॉम्प्युटर उचलून दुकानात नेला असता. दुर्दैवाने बुवांनी मला बोलावलं होतं.

मी प्रथम घटनास्थळाची पाहणी केली. बुवांना खुर्चीत बसून भजन सुचत नाही, म्हणून सगळी मांडणी जमिनीवर होती. मध्ये बुवांची चटई, समोर पडदा, डावीकडे पेटी आणि उजव्या हाताशी कॉम्प्युटरचा तो मोठा पत्र्याचा डबा, आडवा घातलेला. मी सगळं बारकाईने पाहिलं आणि मला काहीही संशयास्पद आढळलं नाही.

मी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. पडदा काळा झाला आणि त्यावर इंग्रजीत पांढरी अक्षरं आली. मी ती मराठी करून मोठ्याने वाचली, "'तुमची हार्ड डिस्क लवकरच निकामी होणार आहे. ताबडतोब सगळ्या माहितीची दुसरी प्रत काढून ठेवा.'"

"म्हणजे काय रे?"

"धमकी," मी म्हणालो.

स्वयंपाकघराच्या दारात मंजुळावहिनी, म्हणजे बुवांच्या मिसेस, परात घेऊन उभ्या होत्या. त्या काहीतरी बोलणार होत्या, पण मी हात वर करून त्यांना थांबवलं.

"बुवा, नीट बघा. 'निकामी झाली' असं लिहिलेलं नाही. 'होणार आहे' असं लिहिलंय. पुढे काय होणार हे आधीच कोणाला माहीत असतं? ज्याने ते करायचं ठरवलंय त्याला! शिवाय म्हणतो, दुसरी प्रत काढा. कोणासाठी काढा? त्याच्यासाठी!"

"मगे काढूया नको?"

"मुळीच नको. गुन्हेगाराची एक मागणी मान्य केली की तो सोकावतो."

त्याच वेळी प्रत काढली असती तर सगळं तिथल्या तिथे निभावलं असतं, असं नंतर मला वसाहतीतल्या लहान लहान मुलांनीही सांगितलं. मी त्यांना क्रिकेट खेळायला पाठवलं.

मग मी डब्याला कान लावला. आतून 'कट्, कट्' असा आवाज येत होता. थांबून थांबून, कोणीतरी काहीतरी कुरतडतंय असा. कुकरच्या धंद्यात एक नियम आहे : आवाज आतून येत असेल तर आत काहीतरी आहे.

"उंदीर," मी जाहीर केलं.

"त्याच्यात खयना जातलो उंदीर?" वहिनींनी विचारलं. "चार बोटांची भोका नाय त्येका."

"वहिनी, उंदीर लहान असताना आत गेला आणि आत वाढला."

हा तर्क मला स्वतःलाच इतका आवडला की तो मी पुन्हा एकदा मोठ्याने म्हटला. मग आम्ही उंदराचा चिकट पुठ्ठा आणून डब्याशेजारी ठेवला आणि वर आमिष म्हणून वहिनींचे सुके बोंबील मांडले. ते त्यांनी तळायला काढलेले होते, हे मला उशिरा कळलं. सकाळी सापळ्यात बुवांची लुंगी सापडली. सुदैवाने तेव्हा बुवा तिच्यात नव्हते.

उंदराची शक्यता मावळल्यावर मी विजेवर संशय घेतला. कॉम्प्युटर आणि फ्रीज एकाच बोर्डावर होते. फ्रीज कॉम्प्युटरची वीज ओढून घेतो, म्हणून कॉम्प्युटर चक्कर येऊन पडतो, असं माझं मत झालं. आम्ही फ्रीज बंद ठेवला. कॉम्प्युटरमध्ये काही फरक पडला नाही. फ्रीजमधल्या सरंगा माशांमध्ये मात्र पडला, आणि तो जिन्यापर्यंत कळत होता. त्या दिवसापासून वहिनींनी मला चहा विचारणं सोडलं.

पण खरा गुप्तहेर चहावर अवलंबून नसतो. मी बुवांना म्हटलं, "नेमकं कधी अडकतो ते मला दाखवा."

बुवांनी एक संथ अभंग लावला. तो सुरळीत वाजला. मग त्यांनी नवा गजर लावला. सुरुवात मी पहिल्यांदाच ऐकत होतो. 'तारू लागलं किनारी, आता हाक दे कोणी' असे बुवांचे शब्द, आणि चाल अशी की पहिल्या ओळीतच माझ्या अंगावर काटा आला. बुवांनी डोळे मिटले, उजव्या हाताने ठेका धरला. मीही भान विसरून ताटली घेऊन झांजेसारखी वाजवायला लागलो. लय वाढली, बुवांचा हात वाढला, माझी ताटली वाढली, आणि ऐन रंगात आल्यावर 'कट्, कट्, कट्'. पडदा निळा पडला.

"बघलंस?" बुवा डोळे उघडून म्हणाले. "दर टायमाक हयसरच. गजर चढलो की गेलो."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अभंगाला काही होत नाही. फक्त गजराला होतं. तेही लय चढल्यावर.

"बुवा," मी हळू आवाजात म्हणालो, "गुन्हेगाराला भजनातलं कळतं."

बुवांचा चेहरा पडला. आम्हा दोघांच्याही मनात एकच नाव आलं होतं. विद्याधरबुवा इंटरनेटवरून आत शिरून गजर चोरत होते, आणि आमच्याकडे शिल्लक राहू नये म्हणून वरून मोडतही होते! बुवांकडे इंटरनेट नव्हतं, ही एक बारीकशी अडचण होती. मी ती बाजूला ठेवली.

दुसऱ्याच संध्याकाळी मी वेषांतर करून मुलुंडला गेलो. डोळ्यांवर सुनंदाचा काळा गॉगल, डोक्यावर टोपी, हातात वायरचं भेंडोळं. मी केबलवाला होतो. विद्याधरबुवांच्या मंडळाची तालीम एका सभागृहात चालली होती. मी दारात उभा राहून घोगऱ्या आवाजात म्हणालो, "केबल चेक करायची आहे."

"या धुरी, या," विद्याधरबुवा पेटीवरून मान वर न करता म्हणाले. "आत या, वायर ठेवा तिथे कोपऱ्यात. बरं झालं आलात. आमचा झांजवाला गावाला गेलाय."

नाही कसं म्हणणार? मी शत्रूच्या गोटात बसून शत्रूची झांज वाजवली. मात्र एक डोळा आणि दोन्ही कान कामावर होते. त्यांनी रविवारचा गजर घेतला. आमच्या गजराचा त्यात एक सूरही नव्हता. गजर बरा होता. खरं सांगायचं तर चांगलाच होता, आणि चहाबरोबर खारी होती.

निघताना विद्याधरबुवा मला दारापर्यंत सोडायला आले. "सीतारामबुवांना सांगा, ते पोतडीचं मी चेष्टेत बोललो. डबलबारीत बोलावं लागतं. पण रविवारी त्यांचं नवीन ऐकायला मी कान लावून बसणार आहे. अहो, त्यांचंच ऐकून शिकलो आम्ही."

म्हणजे चोर गेला आणि रविवार जवळ आला. परत येताना माझ्याकडे एकही संशयित उरला नव्हता.

मी वर गेलो तेव्हा बुवांच्या घरातला दिवासुद्धा लावलेला नव्हता. कॉम्प्युटर चालूच होत नव्हता. त्या काळ्या पडद्यावर आता धमकीदेखील येत नव्हती.

"मेलो," बुवा एवढंच म्हणाले.

"बुवा, चाल तुमचीच आहे ना? पुन्हा गा की."

बुवांनी पेटी ओढली. पहिली ओळ बरोबर आली. दुसरी ओळ वळली ती थेट त्यांच्या एका जुन्या गजरात शिरली. त्यांनी थांबून पुन्हा धरली. पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा वेगळाच जुना गजर आला. आयुष्यभर बांधलेल्या चाली अशा दारात दाटी करून उभ्या होत्या की नवीला बाहेर यायला वाट मिळेना.

"गाऊन ठेवलंय, आणि मगे नुसता ऐकत बसलंय," बुवा म्हणाले. "तोंडान परत म्हटलंयच नाय. वाटला, असा ना त्या डब्यात."

त्यांनी पेटीचा भाता बांधला आणि तिच्यावर कापड घातलं. मला रडू आलं. गुप्तहेराला रडायची परवानगी नसते, म्हणून मी सायनसचं निमित्त केलं.

अखेर जे पहिल्या दिवशी करायचं ते मी केलं. डबा रिक्षात घालून स्टेशनजवळच्या कृणालच्या दुकानात नेला. कृणाल कॉम्प्युटर दुरुस्त करतो आणि सगळ्यांना 'सर' म्हणतो.

"हार्ड डिस्क गेली, सर. नवीन टाकावी लागेल. जुनीतलं काय निघतं ते बघतो." त्याने ती काढून कुठल्याशा यंत्राला लावली आणि मी तिथेच स्टुलावर बसून राहिलो. रुचिकाच्या लग्नाचे फोटो निघाले. मंडळाची पत्रकं निघाली. जुने अभंगही निघाले. नव्या गजराची पहिली ओळ ऐकू आली, आणि त्यानंतर नुसतं 'खर्र'.

"नाही सर, वाट लागली याची," कृणाल म्हणाला. "ही पडली होती का कुठे? चालू असताना दणके बसलेत हिला."

"दणके?" मी ताठ झालो. "भजनी माणसाचं घर आहे ते. तिथे दारसुद्धा कोणी जोरात लावत नाही. तुमचा तर्क कच्चा आहे."

"असेल सर," कृणाल म्हणाला आणि त्याने नवी डिस्क माझ्यापुढे ठेवली. ती बसवून द्यायलाही तो तयार होता. पण एवढ्या नामुष्कीनंतर निदान काहीतरी मी स्वतः करायला हवं होतं. बुवांच्या घरी येऊन चटईवर बसून मी ती डब्यात बसवली. पहिल्यांदा उलटी, मग सुलट, मग वायर लावायची राहिली म्हणून पुन्हा काढून. शेवटी एक स्क्रू उरला. तो मी पुरावा म्हणून खिशात टाकला. कृणालने भरून दिलेलं सगळं नव्या डिस्कवर होतं, आणि काय आश्चर्य, कॉम्प्युटर चालू झाला.

"बघा बुवा, झकास! काहीतरी लावून बघू या."

बुवांना उत्साह नव्हता. मी त्यांचाच एक जुना रेकॉर्ड केलेला गजर लावला. दोन ओळी झाल्या आणि बुवांचे डोळे आपोआप मिटले. तिसऱ्या ओळीला त्यांचा उजवा हात उठला आणि डब्याच्या पत्र्यावर पडला. धाप्. मग दुसरी थाप, मग तिसरी. पत्रा छान घुमत होता. मी सवयीने ताटली शोधायला लागलो.

एवढ्यात वहिनी स्वयंपाकघरातून उलथणं घेऊन आल्या आणि त्यांनी बुवांचं मनगट वरच्या वर पकडलं.

"परत सुरू केल्यात? एक मारल्यात तो पुरो नाय झालो?"

बुवांनी डोळे उघडले. "काय?"

"काय म्हणजे? रोज सांजचो गजर लावतास आणि त्या डब्यार ठेको धरतास. चकवी समजतास त्येका. गजर चढलो की असे बडवतास की माझ्या फळीवरची भांडी हलतत. मगे आत असा काय तां मोडूचा नाय तर काय?"

चकवी म्हणजे पखवाजाच्या जोडीला घेतात ते तबल्यासारखं वाद्य. उजव्या हाताशी ठेवतात. मी डब्याकडे पाहिलं, बुवांच्या हाताकडे पाहिलं. त्या दिवशी मी त्या हातापासून वीतभर अंतरावर बसून ताटली वाजवत होतो.

"वहिनी, मग तुम्ही आधी सांगितलं का नाही?"

"सांगूक इल्लंय तर तुमी हात वर केल्यात," वहिनी म्हणाल्या. "मगे उंदीर धरलात, मगे माझो फ्रीज धरलात. माका वाटला, शिकलेली माणसा, करतत ती बघून करत असतली."

बुवा स्वतःच्या तळव्याकडे बघत राहिले. "म्हणजे माझो गजर मीच मारलंय," ते म्हणाले. "मंजुळा, पेटी माळ्यार ठेव."

"कित्याक?"

"नवो गजर नाय तर आता काय गावचा?"

"नाय कसो?" वहिनी म्हणाल्या. "रोज तोच तोच लावतास. भाकरी भाजताना माझे कान काय बांधलेले असतत?"

आणि त्या उलथणं हातात धरून, उभ्या उभ्या गायला लागल्या. पहिली ओळ. दुसरी ओळ, जी बुवांना वळवता येत नव्हती, ती सहज वळली. मग तिसरी, मग चढण. आवाज बारीक, जरासा किनरा, पण सूर जिथे लागायचा तिथेच लागत होता. बुवांचं तोंड उघडं राहिलं. मी त्यांच्या घरी इतकी वर्षं जातोय, वहिनींना गाताना कधी ऐकलं नव्हतं. आम्ही कोणी त्यांना कधी गायला सांगितलंच नव्हतं.

"हयसर मात्र मी वेगळा म्हणतंय," त्या मध्येच थांबून म्हणाल्या. "तुमी श्वास तोडतास, तो माका बरो वाटत नाय."

बुवा उठले, पेटीवरचं कापड काढलं, भाता सोडला आणि वहिनींच्या समोर मांडी घालून बसले. "परत म्हण," ते म्हणाले. "सावकाश म्हण गो."

रविवारपर्यंत त्या घरात तोच एक उद्योग चालला. वहिनी मास्तरीण म्हणून कडक निघाल्या. बुवा चुकले की त्या भाकरी थापायची थांबवत, त्यामुळे बुवांच्या मन लावून शिकण्याला दुसरंही एक कारण होतं. प्रकरण मी उलगडलं अशी बातमी मी वसाहतीत पसरवून पाहिली, पण लुंगीची बातमी तिच्या आधी पोचली होती.

घाटकोपरचं मैदान भरून गेलं होतं. विद्याधरबुवांनी आधी गायलं, चिमटे काढले, त्यांच्या गजराला पुढच्या रांगा उठल्या. मग आमची पाळी आली. नवीन चाल घेण्याआधी बुवाने ती कोणाची आणि कोणाकडून मिळाली हे सांगायचं, गुरूचं नाव घ्यायचं, अशी आमच्यात रीत आहे. बुवांनी माईक जवळ ओढला.

"शब्द माझे," ते म्हणाले. "चाल बांधली मी, आणि हरवलीही मीच. ती मला ज्यांनी शिकवली त्यांचं नाव सौभाग्यवती मंजुळा सीताराम घाडी. त्या समोर बायकांच्यात बसल्या आहेत. त्यांना नमस्कार करून सुरुवात करतो."

त्यांनी खरोखरच पेटीवरून हात जोडले. समोरच्या स्टेजवर विद्याधरबुवांनीही हात जोडले. वहिनींनी पदर तोंडाला लावला आणि बायकांच्या रांगेतून त्यांचाच आवाज आला, "पुरे झाला! गावा आता."

बुवांनी गजर धरला. पहिली ओळ झाली, लोक सरसावून बसले, आणि दुसऱ्या ओळीच्या वळणावर बुवा अडखळले. चाल पुन्हा त्या जुन्या वाटेने निघाली. बुवांची मान खाली गेली. मी बाजूलाच होतो. पट्ट्यांवर त्यांची बोटं पुढचा सूर शोधताना मला दिसली.

तेवढ्यात समोरून, त्या एवढ्या गर्दीतून, वहिनींनी दुसरी ओळ उचलली. त्या उभ्या राहिल्या होत्या. माईक नाही, काही नाही, तो बारीक किनरा आवाज थेट स्टेजपर्यंत आला. बुवांनी मान वर केली. पेटी त्या आवाजाच्या मागे गेली, मग पखवाज गेला, मग आजूबाजूच्या बायका, मग अख्खं मैदान उभं राहिलं. मी मात्र झांज वाजवायची विसरून नुसता ऐकत बसलो, आणि त्याबद्दल बुवा मला अजून काही बोललेले नाहीत.